जागा राखीव, पण अभ्यासक्रम कुठे?

महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी उच्च शिक्षणात 7 टक्के जागा राखीव आहेत. लोकसंख्येत त्यांचा वाटा 2011 च्या जनगणनेनुसार 9 टक्क्यांहून थोडा जास्त. दर जून-जुलैत या आकड्यांवरून वाद झडतात, केंद्रीभूत प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागतात, जात वैधता प्रमाणपत्रासाठी धावपळ होते. या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारत नाही: राखीव असो वा खुली, ही जागा आहे कुठे? आणि ती तिथे असावी, हे ठरवलं कुणी?

खान्देशात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 32 टक्के, जळगावात 14 टक्क्यांच्या आसपास. 1998 मध्ये धुळ्यातूनच वेगळ्या झालेल्या नंदुरबारात ती 69 टक्क्यांवर जाते. जळगावातही ही वस्ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. ती यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात दाटली आहे. धुळ्यात ती शिरपूर आणि साक्रीत. भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा, मावची. आता याच नकाशावर पदव्यांचा नकाशा ठेवून बघावा. तिन्ही जिल्हे मिळून पदवीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय एकच, जळगावचं, 1996 चं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात आधीपासून होतं. जळगावला ते 2018 मध्ये आलं आणि नंदुरबारला 2020 मध्ये. जुनं कृषी महाविद्यालय धुळ्याला. बाकी अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग असं जे काही आहे, ते बहुतेक संस्थाचालकांचं, विनाअनुदानित. डोंगराच्या कडेला उरतं ते मुख्यतः बी.ए.

बी.ए. ही कमी प्रतीची पदवी आहे, असं मुळीच नाही. याच खान्देशात अंमळनेरला उद्योगपती प्रतापशेठांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, तेही संशोधनासाठी. पण आवडीने घेतलेलं बी.ए. वेगळं आणि जवळपास दुसरं काहीच नाही म्हणून घेतलेलं बी.ए. वेगळं.

चोपडा बसस्थानकाजवळच्या कुठल्याही सायबर कॅफेत प्रवेशाच्या दिवसांत जाऊन बसलं की हा फरक दिसतो. फॉर्म भरणारा पोरगा मागे उभ्या बापाला विचारतो, "पुणं टाकू का नाशिक?" बाप विचारतो, "जळगावात नाही का?" मग हिशेब सुरू होतो. शुल्काची प्रतिपूर्ती मिळेल, पण खोलीभाडं? मेस? वसतिगृहात नंबर लागला नाही तर? आदिवासी विकास विभागाची स्वयं योजना जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला 43 हजार देते, पण ते पैसे हातात पडेपर्यंत पहिलं सत्र उलटलेलं असतं, अशी तक्रार मुलं सर्रास करतात. शेवटी पसंतीक्रमात जवळचं कॉलेज वर सरकतं आणि आवडीची शाखा खाली जाते. सरकारदरबारी याची नोंद होते ती अशी: विद्यार्थ्याने पर्याय दिलाच नाही.

मग जागा रिकामी राहिली की मागणीच नाही, असा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे.

हा निष्कर्ष खोटा आहे, कारण मागणी बारावीच्या आधीच मारली जाते. आश्रमशाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा सहज मिळते. विज्ञान शाखा असली तरी गणिताचा शिक्षक आणि धड प्रयोगशाळा मिळणं कठीण. विज्ञानाची मुलं नाहीत म्हणून बी.एस्सी. नाही आणि बी.एस्सी. नाही म्हणून गावात विज्ञान शिकवणारा शिक्षक तयार होत नाही. हा फेरा तोडायचा तर पहिलं पाऊल सरकारनेच टाकलं पाहिजे; नफ्याचं गणित मांडून बसलेली संस्था ते कशाला टाकेल? 2001 नंतर नव्या वरिष्ठ महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावरच परवानगी देण्याचं धोरण आलं. त्यानंतर गरीब तालुक्यात महागडी विज्ञान शाखा कोण काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा मात्र वेगळंच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 107 नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो आणि त्यात उच्च शिक्षणाच्या सोयी समन्यायी रीतीने वाटायच्या असतात. सोयी नसलेल्या भागांचा विचार करायचा असतो. खान्देशासाठी हा आराखडा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ करतं. 1990 मध्ये पुणे विद्यापीठापासून ते वेगळं काढलं, तेही इथल्या मुलांना पुणं लांब पडतं म्हणूनच. पण गेल्या काही दशकांत गंमत अशी झाली की ज्या पदव्यांना हमखास भाव आहे, त्या या विद्यापीठाच्या हातातून निघून गेल्या. वैद्यकीय आणि नर्सिंगच्या पदव्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे. कृषी तर आधीपासूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे. अभियांत्रिकीची बरीच महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे जळगावच्या आराखड्यात समन्यायाने वाटायला उरलं काय? कला, वाणिज्य, विज्ञान. साक्रीला नर्सिंगचं सरकारी पदवी महाविद्यालय हवं की नको, हे नाशिक बघणार. अभियांत्रिकीचं लोणेरे आणि मंत्रालय. चारही नकाशे एकावर एक ठेवून पाहणारं कुणी नाही.

असं कुणीतरी असावं, ही सोय राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं सांगितली आहेत आणि तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची समन्यायी व्यवस्था हा त्यातला स्पष्ट शब्दांत लिहिलेला भाग आहे. मंडळं 1994 मध्ये आली. पण खान्देश टाकला गेला ‘उर्वरित’ महाराष्ट्रात, मुंबई आणि पुण्याच्या पंक्तीत. पुण्यातली महाविद्यालयं आणि साक्रीतली महाविद्यालयं यांची सरासरी काढली की अनुशेष कागदावर नाहीसाच होतो. 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना देणारं वैद्यकीय प्रवेशाचं 70:30 सूत्र 2020 पर्यंत होतं, त्यातही हीच गत: सातपुड्यातल्या मुलाची प्रादेशिक स्पर्धा मुंबईच्या क्लासवाल्यांशी. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा नेमण्याचा निर्णय घेतला. खान्देशाच्या दृष्टीने विभागणी तीच ठेवून नेमणुका केल्या तर फरक काय पडणार?

कोणता अभ्यासक्रम कुणाला द्यायचा यातही भेदभाव होऊ शकतो, हे अमेरिकेत न्यायालयाने मान्य केलं आहे. मेरीलँड राज्यात कृष्णवर्णीयांसाठी निघालेली चार सार्वजनिक विद्यापीठं आहेत. त्यांचे चालणारे अभ्यासक्रम शेजारच्या गोऱ्याबहुल विद्यापीठांनाही देण्यात आले. 2005 मध्ये तर मॉर्गन स्टेटमध्ये एमबीए असताना शेजारच्या दोन विद्यापीठांना संयुक्त एमबीएची परवानगी मिळाली. 2006 मध्ये दावा दाखल झाला, 2013 मध्ये न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं आणि 2021 मध्ये राज्याने दहा वर्षांत 57.7 कोटी डॉलर देण्याचा कायदा केला. खान्देशाची गोष्ट हुबेहूब तशी नाही. इथे कुणाचा अभ्यासक्रम पळवला नाही. तो पोचवलाच नाही. पण भरडला जाणारा समाज दोन्हीकडे आधीच मागे ठेवलेला.

घर सोडून लांब जाण्याची किंमत पैशातच मोजता येते असंही नाही. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी एमबीबीएससाठी मिरजेला गेल्या, तेव्हा जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. पुढे त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला गेल्या. 22 मे 2019 रोजी त्यांचा मृत्यू झाला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला आहे. छळ गावाजवळही होऊ शकतो, हे खरं. पण परक्या शहरात एकट्या पडलेल्या मुलीला धावून येणारं माणूस रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब असतं, हेही तितकंच खरं.

शिक्षक डोंगरात जायला तयार नसतात, रिकामे वर्ग सरकारला परवडत नाहीत, असं सांगितलं जातं. पहिल्या अडचणीत तथ्य आहे. त्यासाठी निवासस्थानं आणि जादा भत्ता द्यावा लागेल. दुसऱ्या अडचणीचं उत्तर म्हणजे आधी सोय, मग हिशेब. मुलं आधी जमा करा, मग महाविद्यालय देऊ, ही अट 1950 मध्ये कुणी मानली असती तर डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलंच नसतं.

तिन्ही जिल्ह्यांतले आमदार आणि विद्यापीठाचे अधिसभा सदस्य यांनी एक साधा तक्ता मागावा: तालुका, तिथली अनुसूचित जमातींची टक्केवारी, तिथे मिळणाऱ्या पदव्या, त्यातल्या अनुदानित किती आणि विनाअनुदानित किती. त्यात नाशिक, राहुरी आणि लोणेरेच्या पदव्याही असाव्यात. तो तक्ता विद्यापीठाने संकेतस्थळावर टाकावा आणि यावल, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात निदान एकेक अनुदानित विज्ञान महाविद्यालय आणि एकेक सरकारी नर्सिंग महाविद्यालय येईपर्यंत जळगाव-धुळे शहरांत नव्या विनाअनुदानित तुकड्यांची शिफारस करू नये.