आरसा ज्याचा त्याने लावावा

ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, कुणाकडे तरी दावतीला जायचे ही आमच्या घरातली जुनी रीत. या वेळी तानसा परिसरातल्या एका स्नेह्यांनी बोलावले होते. १८९२ साली बांधून झालेल्या ज्या धरणाचे पाणी मुंबई आजही पिते, तो भाग मुलांनी पाहिलेला नव्हता, म्हणून सगळेच निघालो. गाडी भाईजाननी चालवली. नाशिकच्या महामार्गाने आटगाव, तिथून आत वळून जंगलाचा रस्ता. सुखरूप पोहोचलो, जेवलो, गप्पा झाल्या. परत निघताना भाईजान दमले होते. त्यांनी किल्ली आपल्या मुलीच्या, म्हणजे आमच्या पुतणीच्या हातात दिली.

तिला लायसन मिळून वर्ष झाले आहे. तिने सीट पुढे ओढली, पट्टा लावला आणि गाडी अंगणातून हळूच मागे घेऊ लागली. तेवढ्यात ओट्यावरून घरातल्या आजी ओरडल्या, "थांब! पोर आहे मागं!"

गाडी जागच्या जागी थांबली. मागे यजमानांचा तीन वर्षांचा नातू चेंडू उचलायला वाकला होता. त्याच्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर राहिले होते. अल्लाहचे शुक्र, पोराला साधे खरचटलेही नाही.

पुढचे सांगताना मात्र आम्हाला लाज वाटते. पोर सुखरूप आहे म्हटल्यावर सगळ्यांची तोंडे सुटली. "आधी नीट शिकायचे, मग बसायचे." "एवढी कसली घाई?" "मुलींच्या हातात गाडी दिली की असेच होणार." यातले एखादे वाक्य आमचेही होते. मुलगी काही बोलली नाही. तिने किल्ली बापाच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने आम्ही तिला विचारले, "बेटा, तुला आरशात काय दिसत होते?" तिलाही नीट सांगता येईना, म्हणून तिला पुन्हा जागेवर बसवले. आतल्या आरशात तिला छताचे कापड दिसत होते. बाहेरच्या दोन्ही आरशांत झाडांचे शेंडे. भाईजान सहा फुटांचे आणि सीट मागे सरकवून बसणारे. ही पाच फुटांहून जेमतेम वर आणि सीट पुढे घेऊन बसणारी. आरसे भाईजानच्या डोळ्यांसाठी लावलेले होते. त्यात मागच्या काचेपर्यंत पातेली आणि पिशव्यांची चळत. ती आम्हीच मोठ्या हौसेने रचली होती. मुलीची चूक एवढीच की आरसे न लावता ती निघाली. पण वर्षभरात एकाही मोठ्या माणसाने तिला ते सांगितले नव्हते.

दुसऱ्याचा चष्मा लावून आपण सुई ओवत नाही. मग दुसऱ्याचा आरसा बघून गाडी कशी चालवणार?

तिथेच अंगणात आम्ही आरसे लावले. रीत सोपी आहे. आधी सीट आणि स्टिअरिंग आपल्या सोयीचे करावे, कारण नंतर सीट हलली की आरसे पुन्हा चुकतात. मग आतला आरसा असा लावावा की मान न हलवता मागची पूर्ण काच दिसेल. त्यानंतर डोके उजव्या खिडकीच्या काचेजवळ न्यावे आणि उजवा आरसा आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवावा. मग डोके गाडीच्या मध्यावर नेऊन डावा आरसाही तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी बाहेरच्या आरशांत दिसणार नाही. सुरुवातीला हे विचित्र वाटते. पण आपलीच दारे आरशात बघून काय मिळणार? असे लावले की मागून येणारे वाहन आतल्या आरशातून सुटताच बाहेरच्या आरशात येते आणि तिथून सुटेपर्यंत डोळ्याच्या कडेला दिसू लागते. मधली आंधळी जागा जवळजवळ उरत नाही. तरीही लेन बदलताना मान वळवून एकदा बघावेच.

बाहेरचे आरसे बहुतेक गाड्यांत किंचित फुगीर असतात. त्यांत जास्त जागा दिसते, पण वस्तू लहान आणि लांब भासते. कसाऱ्याच्या घाटाकडे जाणारा ट्रक आरशात दूर वाटतो, तेव्हा तो बराच जवळ आलेला असतो. अंतराचा अंदाज आतल्या आरशावरून घ्यावा. पावसाळ्यात निघण्यापूर्वी आरसे आणि मागची काच फडक्याने पुसावी.

आणि मुलींच्या हातात गाडी म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गाड्यांना आरसे बसवण्याची पद्धत रुळण्याआधी, १९०९ साली, डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता: गाडीत हातातला छोटा आरसा ठेवा आणि तो उंच धरून मागचे बघत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आरसे नीट लागल्यावर आम्ही इंजिन बंद ठेवून त्याच पोराला आजीचा हात धरून गाडीमागे उभे केले. आजी दिसल्या. पोर दिसले नाही. भाईजान स्वतः बसले, त्यांनाही दिसले नाही. मागच्या काचेच्या खाली असलेले लहान मूल कितीही चांगल्या आरशात येत नाही.

अमेरिकेत २००२ साली एका वडिलांच्या गाडीखाली, मागे घेताना, त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा गेला. वडील स्वतः मुलांचे डॉक्टर होते. त्या मुलाच्या नावाने पुढे कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले. आमची गाडी त्याआधीची आहे. अशा गाड्या आपल्या घरोघरी आहेत, आणि आपली अंगणे मुलांनी भरलेली आहेत. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. एका मोठ्या माणसाने मुलांना हाताला धरून चालवणाऱ्याला दिसेल अशा जागी उभे राहावे. आणि सामान मागच्या काचेच्या वर जाऊ देऊ नये.

परतीची गाडी पुतणीनेच चालवली. आधी ती नको म्हणत होती; भाईजाननी किल्ली पुन्हा तिच्या हातात दिली आणि शेजारी बसले. आटगावला महामार्गाला लागण्यापूर्वी तिने डाव्या आरशात पाहिले आणि थांबली. एक मोटारसायकल डावीकडून घुसून पुढे गेली. भाईजानना ती दिसली नव्हती.

आता रोज सकाळी भाईजान कुरकुरतात, "माझा आरसा कुणी हलवला?" ती आतून म्हणते, "अब्बा, मी माझा लावला होता. तुम्ही तुमचा लावा."