सभागृहाची किल्ली

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या संकेश्वरात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरवून आपण घरांवर तारे चढवतो, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. बीडकडून, विजापूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे आम्हाला बरीच वर्षे वाटले नव्हते.

गेल्या नाताळात वाटले. 24 तारखेच्या संध्याकाळी आमचा गायनाचा गट केक, करंज्या आणि काही चादरी घेऊन कोप्यांवर गेला. आम्ही गाणी म्हटली, मुलांना चॉकलेटे वाटली, फोटो काढले. निघताना एक बाई पुढे आली. "दादा, मोबाईल चार्जिंगला लावायला कुठं जागा हाय का?" तिची दोन मुले गावी आजीपाशी होती आणि फोन तीन दिवस बंद पडला होता. केक तिने घेतला होता, हातातच होता. आम्ही "बघतो" म्हणालो आणि मध्यरात्रीच्या मिस्साला उशीर होईल म्हणून परत फिरलो.

आमचे सभागृह तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्या रात्री त्याच्यावर दिव्यांच्या माळा सकाळपर्यंत जळत होत्या. दाराला कुलूप होते, कारण आत स्पर्धेची गव्हाणी मांडलेली होती.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. उचल दोघांच्या नावाने, काम दोघांचे, आणि एकाने सुट्टी घेतली तरी खाडा दोघांचा. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. कामाला खाडा पडू नये, ही त्यामागच्या कारणांपैकी एक भीती. आपण ज्या दिवसांत एका बाळंतपणाचा सण करतो, त्याच दिवसांत या बायका पहाटे अंधारात फडात उतरतात. हे लिहितानाही आम्हाला अवघडल्यासारखे होते, पण नाताळच्या चिंतनात हे येऊ नये तर कुठे यावे?

संत लूकच्या शुभवर्तमानातील ती गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना शिकवतो. बादशहाचा हुकूम निघाला, नावे नोंदवायला प्रत्येकाला आपापल्या मूळ गावी जावे लागले, आणि दिवस भरलेली मरिया योसेफाबरोबर वाटेला लागली. नाटिकेत आम्ही एका मुलाला दुष्ट खाणावळवाला करतो. तो "जागा नाही" म्हणून दार लावतो आणि सगळे हसतात. पण लूकने तिथे वापरलेला ग्रीक शब्द आहे 'कातालुमा', आणि शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही त्याने हाच शब्द वापरला आहे. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात खरी खाणावळ येते, तिथे मात्र त्याचा शब्द वेगळा आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमात भरलेली होती ती कुणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. त्या काळच्या साध्या घरांत रात्री जनावरे आतच बांधत, आणि गव्हाण घरातच असे.

हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. सोप्याला लागून गोठा असलेली घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत, काहीजण त्यांत वाढले आहेत. पाहुणे वाढले की म्हातारी माणसे गोठ्याच्या कडेला गोधडी टाकत, कारण जनावरांची ऊब असे. तसे पाहिले तर बेथलेहेमात कुणीतरी दार लावले नाही. घर गच्च भरलेले असताना कुणीतरी बैलाला जरा बाजूला सारले आणि गव्हाणीत कडबा झाडून दिला. त्या घरधन्याचे नाव शुभवर्तमानात नाही. आम्हाला अलीकडे नाताळात त्याचीच आठवण जास्त येते.

गव्हाणी सजवू नये असे आम्ही म्हणत नाही. संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो गावी गव्हाणी मांडली तेव्हा खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणले होते. ते दृश्य पाहून लोकांची भक्ती जागी व्हावी, हाच हेतू होता. आपल्या मुलांनी मेहनतीने केलेला कागदी डोंगर आम्हालाही आवडतो. आक्षेप आहे तो कुलपाला.

यंदा सभेत आम्ही विषय काढला: हंगाम संपेपर्यंत संध्याकाळी सहा ते नऊ सभागृह उघडे ठेवायचे. काहींना वीजबिलाची काळजी वाटली, ती रास्त आहे. खरी भीती मात्र दुसरीच होती. कर्नाटकात 2022 मध्ये धर्मांतरविरोधी कायदा झाला. परगावची गरीब माणसे चर्चच्या आवारात रोज येताना दिसली तर कुणी काय अर्थ काढील? ज्यांनी हे विचारले ते भित्रे नाहीत, त्यांना घरेदारे आहेत, आणि आम्ही त्यांना त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

नंतर सुचले ते असे. गाणी नकोत, पत्रके नकोत, भाषण नको, फोटो तर नकोतच. तिथे कुणी येशूचे नावही काढायचे नाही. वीज, कढत पाणी आणि बसायला सतरंजी, एवढेच. आपल्या काहींना हे अपुरे वाटेल. साक्ष कुठे राहिली, असे एका ज्येष्ठांनी विचारलेच. नाताळच्या दिवशीच्या मिस्सात योहानाचे शुभवर्तमान वाचतात. शब्द देही झाला आणि आपल्यात राहिला, या अर्थाच्या ओळीतले ग्रीक क्रियापद 'तंबू ठोकणे' असे आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर त्याने आपल्यात कोपी घातली. मग तीस वर्षे तो नाझरेथात राहिला, आणि त्या बहुतेक काळात त्याने प्रवचन केल्याचे कुठे लिहिलेले नाही.

16 डिसेंबरला नाताळची नोव्हेना सुरू होते, त्या दिवसापासून दार उघडायचे ठरले आहे. फादरांची संमती आहे. गव्हाणी यंदा व्यासपीठावर न मांडता खिडकीपाशी मांडू, म्हणजे भिंतीवरचे प्लग मोकळे राहतील. पाणी तापवायचा बंब आमच्या घरचा आहे. वायरीचे दोन बोर्ड मिळाले आहेत, आणखी दोन लागतील. मंगळवारी आणि शुक्रवारी किल्ली सांभाळायला अजून कुणी नाही.