विशेषणाचा नवरा

मी फ्रेंच शिकवते. शंभर बायकांत एक पुरुष आला की सगळ्यांचे विशेषण पुल्लिंगी, हा नियम मला शिकवावा लागतो. ‘पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करते’, असेच फ्रान्समधल्या मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले.

मैत्रिणींनो, हा काही निसर्गनियम नव्हे! पूर्वी विशेषण जवळच्या नामाशीही जुळवत. रासीनच्या ‘आताली’ (१६९१) नाटकात दिवस आणि रात्री दोहोंना मिळून लावलेले विशेषण स्त्रीलिंगी आहे, कारण रात्री शेवटी आल्या. पण १६४७ मध्येच वोझलाने पुल्लिंग ‘अधिक कुलीन’ ठरवले होते. १७६७ मध्ये बोझेने कारणही सांगून टाकले: नर मादीहून श्रेष्ठ म्हणून. (निदान लपवाछपवी तरी नाही!)

आपण ‘नवरा-बायको आली’ असे नपुंसकलिंगी सहज म्हणतो. आभाळ कोसळत नाही. तिकडे १६३५ सालच्या फ्रेंच अकादमीला पहिली स्त्री निवडायला १९८० उजाडले, आणि २०१७ मध्ये याच अकादमीला स्त्रियांना सामावणाऱ्या लेखनात भाषेवरचे ‘प्राणघातक संकट’ दिसले. त्याच वर्षी ३१४ शिक्षकांनी जाहीर केले, हा नियम आम्ही शिकवणार नाही.

मी परीक्षेपुरता शिकवते. शेजारी फळ्यावर बोझेचे कारणही लिहिते.