झाडाला टोचलं, बादलीत साचलं!

घटकाभर पुस्तक मिटा, स्वेटर चढवा आणि गमबूटसुद्धा घाला. आपल्याला जायचंय अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात. महिना मार्चचा. बर्फ वितळू लागलंय आणि खेड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर नुसता राडा झालाय. तिथले लोक हिवाळा आणि वसंत यांच्यामध्ये एक जादा ऋतू मोजतात, चिखलाचा! तरी त्याच चिखलातून मोटारी हाकत मंडळी खेडोपाडी जातात. कशाला? पाक चाटायला!

हा पाक मेपलच्या झाडाचा. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असं झालं, की झाडाच्या आतला रस वाहू लागतो. खोडाला दोनेक इंच खोल भोक पाडायचं, तोटी ठोकायची, खाली बादली अडकवायची. टप्, टप्, टप्! पण चाखून बघाल तर फसाल. चव जवळजवळ पाण्याचीच, कारण साखर जेमतेम दोन टक्के. साधारण ४० लिटर रस आटवावा, तेव्हा कुठे एक लिटर पाक हाती येतो. आपलं गुऱ्हाळ आठवा, तशीच जाळ-वाफेची धांदल. पाकही दिसायला काकवीचा भाऊच. गोरे लोक यायच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी, अबेनाकी लोक, हा रस गोळा करत असत बरं का.

आता खरी गंमत. उकळता पाक स्वच्छ, दाबलेल्या बर्फावर ओततात. क्षणात त्याची चिवट टॉफी होते! ती काट्याला गुंडाळून खायची. सोबत डोनट आणि... आंबट लोणच्यातली काकडी! गोड खाऊन तोंड मिटलं, की काकडीचा एक चावा घ्यायचा आणि पुन्हा गोडावर ताव! ही युक्ती ज्या कुणा आजीला सुचली, तिला माझ्यातर्फे शंभरपैकी शंभर.

एकेकाळी या साखरेवरून मोठी चर्चा झाली होती. तेव्हा उसाची साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टातून येई. ती नको, मेपलची खाऊ, असं काहीजण म्हणू लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७९१ मध्ये व्हरमाँटला जाऊन आले आणि त्यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या घरी मेपलची रोपं लावली. ती काही तिथे रुजली नाहीत. आणि त्यांच्या स्वतःच्या शेतावर राबत होते ते गुलामच!

मेपल टोचण्याजोगं व्हायला चाळीसेक वर्षं लागतात. म्हणजे आजोबांनी जपलेलं झाड नातू टोचतो. हंगाम मात्र चार ते सहा आठवड्यांचा. कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते, खेळ खलास. हल्ली हिवाळे उबदार होऊ लागलेत, त्यामुळे काहीजण फेब्रुवारीतच झाडं टोचायला घेतात. बऱ्याच ठिकाणी बादल्या जाऊन प्लॅस्टिकच्या नळ्याही आल्यात. पण थंडीला पर्याय नाही. शेतकरी झोपण्यापूर्वी तापमापक बघतो. पारा शून्याखाली उतरला, तर उद्या टप्, टप्!