बंदुका शांत होताना गोंदियाचे रूळ कोणासाठी?

माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत याने नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दहा साथीदारांसह गोंदियात आत्मसमर्पण केले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये भूपती या ज्येष्ठ नेत्याने गडचिरोलीत साठ जणांसह शस्त्रे खाली ठेवली होती. याच वर्षी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये 240 किलोमीटरच्या गोंदिया-बल्लारशाह मार्गाचे दुहेरीकरण आणि ऑक्टोबरमध्ये 84 किलोमीटरची गोंदिया-डोंगरगड चौथी मार्गिका मंजूर केली. या दोन घडामोडींचा संबंध वरवर दिसतो त्याहून अधिक जवळचा आहे.

अंतर्गत युद्धात रेल्वेचे महत्त्व जगाला प्रथम कळले ते अमेरिकेच्या यादवी युद्धात. 1863 मध्ये उत्तरेच्या सरकारने सुमारे वीस हजार सैनिक रेल्वेने दोन आठवड्यांच्या आत सुमारे 1,900 किलोमीटर दूर चॅटनूगाच्या आघाडीवर पोहोचविले. पुढच्याच वर्षी सेनापती शर्मनच्या फौजांनी दक्षिणेचे रूळ उखडून, तापवून वाकविले. रेल्वे ज्याच्या ताब्यात, त्याचे पारडे जड, असा तो हिशेब होता.

मध्य भारतातील संघर्षाचे गणित मात्र वेगळे ठरले. येथे सैन्य किती वेगाने पोहोचते यापेक्षा गाडी काय घेऊन जाते आणि कोणाला मागे ठेवते, हा प्रश्न कळीचा राहिला. छत्तीसगडचे धान्य व्यापारपेठेत आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात नागपूरहून पूर्वेकडे रूळ टाकले गेले. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग पुढे हावड्याशी जोडला. हाच मार्ग सालेकसा, दरेकसाच्या जंगलातून बोगदा पार करीत जातो. ज्या दरेकसाच्या नावाने नक्षल्यांचे दलम ओळखले जाई, त्या गावाला रेल्वेस्थानक आहे. थोडक्यात, रेल्वेचा अभाव एवढ्या एकाच कारणाने या भागातील असंतोष समजत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि खनिजाच्या वाघिणी डोळ्यांसमोरून धावत असतानाही परिसर मागासच राहिला.

बस्तरमध्ये हे चित्र अधिक ठळक होते. बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदरामार्गे जपानला पाठविण्यासाठी 1960 च्या दशकात किरंदूल मार्ग बांधला गेला आणि पुढे नक्षल्यांनी तेथील रूळ वारंवार उखडले. परंतु रूळ उखडणाऱ्यांना गरिबांचे कैवारी म्हणता येत नाही. मे 2010 मध्ये पश्चिम मेदिनीपूरमध्ये रुळांच्या घातपातामुळे ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस घसरली आणि सुमारे दीडशे प्रवासी मृत्युमुखी पडले. माओवाद्यांनी जबाबदारी नाकारली. मरणारे मात्र सामान्य प्रवासीच होते. हावड्याहून मुंबईकडे निघालेल्या या गाडीचा मार्ग गोंदियावरूनच जातो.

गडचिरोलीची व्यथा आणखी निराळी. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील वडसा हेच या विस्तीर्ण जिल्ह्याचे रेल्वेद्वार. तेथून गडचिरोलीपर्यंतचा सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग वर्षानुवर्षे रखडला. दरम्यान, सुरजागडचे लोहखनिज ट्रकने निघू लागले आणि डिसेंबर 2016 मध्ये नक्षल्यांनी तेथील सुमारे 80 वाहने जाळली. खनिजाला वाट मिळाली, पण जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे मिळाली नाही.

नव्या मार्गिकांचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे लागेल. एकेरी मार्गावर मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर गाडी तासन् तास थांबते. दुहेरीकरणाने ही अडचण दूर होऊ शकते. मात्र, क्षमता वाढली म्हणजे प्रवासी गाड्या आपोआप वाढतात, असे नाही. 2022 मध्ये कोळशाच्या वाहतुकीला प्राधान्य देताना दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेने अनेक प्रवासी गाड्या दीर्घकाळ रद्द केल्या, हा अनुभव ताजा आहे. त्याचा फटका रोज गोंदियाला किंवा नागपूरला जाणारे मजूर, विद्यार्थी आणि रुग्ण यांना बसला.

म्हणूनच दुहेरीकरण पूर्ण होण्याआधीच अर्जुनी मोरगाव, वडसा, सालेकसा, दरेकसा या स्थानकांवर किती पॅसेंजर गाड्या थांबणार, हे रेल्वे प्रशासनाने जाहीर करावयास हवे. बंदुकीच्या बळावर जंगलावरचा ताबा परत मिळविता येतो. तेथील माणसांचा विश्वास मात्र वेळेवर येणाऱ्या आणि गावात थांबणाऱ्या गाडीनेच मिळेल. अन्यथा वाढलेल्या मार्गिकांवरून अधिक खनिज जाईल आणि जुनी तक्रार तशीच फलाटावर उभी राहील.