जिवाणी विहिरीत, ऊस ओढ्यात



मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पाणी गाळून झालं की जिवाणी बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीतून थेट विहिरीच्या पाण्यापर्यंत सोडत. वरून ओतली तर जीव मरतात म्हणून! ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत.

त्याच आमच्या घराने पुढे काय केलं? शेताकडेच्या ओढ्यावरचे करंज, उंबर, वाळुंज तोडले, काठ सपाट केला आणि पाण्याला टेकेपर्यंत ऊस लावला. चार सऱ्या वाढल्या. हिशेब मीच लिहिला, बी.कॉम. ना मी! जमेला ऊस लिहिला, नावे बाजू कोरी ठेवली.

त्या बाजूला काय यायला हवं होतं? मुळं गेली तशी काठाची माती पावसात ओढ्यात उतरली, गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या. माशांची अंडी, चतुरांची पिल्लं तिथेच राहतात. सावली गेली, पाणी तापलं. युरिया वाहून आला, जलपर्णी माजली. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. गाळण्यात आलेले जीव आम्ही वाचवले आणि त्यांचं घर पाडलं.

हे आमच्या ओढ्यापुरतं नाही. गोड्या पाण्यातले मासे, खेकडे-कोळंबी आणि चतुर यांच्या २३ हजारांहून जास्त जातींची जागतिक पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे २४ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. शेतीसाठी जमिनीचा वापर बदलणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

"आपण कुठे तळी आटवायला जातो?" असं म्हणू नका. श्रावकाने वर्ज्य करायच्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह, तळी आटवणं आहेच. मग ओढा बुजवून पाडलेला प्लॉट स्वस्तात घेणं कशात बसतं? कंदमुळाला हात न लावणाऱ्या आपण तिथे थाटात वास्तुविधान करतो!

"शेतीचं पुरुष बघतात" हे उत्तरही पुरे. सातबाऱ्यावर आपली नावं असतात, खरेदीखतावर आपल्या सह्या. सही करण्याआधी विचारा, इथलं पाणी कुठून जात होतं? ओढ्याकाठची दहा पावलं नांगराविना सोडा.

आम्ही गेल्या वर्षी त्या चार सऱ्या सोडल्या. घरात वाद झाला, होऊ दे. करंजाची रोपं आता गुडघ्याएवढी झालीत. त्या उसाचे गेलेले पैसे मी वहीत तोट्यात नाही, दानात लिहिलेत.