नळी बसवली, पुढे काय?

रात्रीचे दोन वाजलेले. सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे गाव. अंगणातल्या बाजेवर आबा कण्हत बसले आहेत. संध्याकाळपासून पिशवीत लघवीचा थेंब उतरलेला नाही आणि ओटीपोट दगडासारखे झाले आहे. मुलगा जीपवाल्याला उठवायला धावला आहे. तालुक्याचे गाव गाठून नळी बदलेपर्यंत उजाडते. नळी बदलायला लागतात जेमतेम दहा मिनिटे. त्यापायी जाते अख्खी रात्र, गाडीभाडे आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी. हे आबा कुणी एक नव्हेत. लघवीची नळी जिथे कायमची मुक्कामाला आली आहे, अशा जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही घरात ही रात्र येऊ शकते.

नळी लागते तरी कुणाला? प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने ज्यांची लघवी अडते, पण वय, हृदयविकार किंवा पैशांअभावी शस्त्रक्रिया लांबते, अशा वृद्धांना. झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून ज्यांच्या मणक्याला मार बसला, अशा तरुणांना. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्यांना. यात स्त्रियाही असतात, पण त्यांच्याविषयी तर घरातही कुजबुजतच बोलले जाते.

आज वापरात असलेली, टोकाला फुगा असणारी नळी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात पुढे आणली. मूत्राशयात गेल्यावर फुग्यात थोडे निर्जंतुक पाणी भरतात, त्यामुळे नळी बाहेर येत नाही. युक्ती साधी, पण तिने असंख्य जीव वाचवले. मात्र नळी बसवणे हे काही मिनिटांचे काम आणि तिच्याबरोबर राहणे हे वर्षानुवर्षांचे. पहिले काम डॉक्टर करतात, दुसरे घर करते. आणि घराला ते कुणी नीट शिकवलेले नसते.

खान्देशाच्या हवामानात हे काम अधिकच अवघड होते. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट होते. त्यात नळी बाळगणारा माणूस पाणी कमीच पितो. पिशवी भरली की ती रिकामी करायला कुणाला तरी हाक मारावी लागते आणि ती हाक मारण्याची त्याला लाज वाटते. घट्ट लघवीत क्षार साचतात. काही जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात, त्याने हे क्षार खड्यासारखे जमून नळीचे तोंड बुजते. आबांवर ओढवलेली रात्र अशीच येते. म्हणजे संकोचाची किंमत शेवटी मूत्राशय मोजते.

पाण्याचा प्रश्न पिण्यापुरताच नाही. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, रोज त्या जागेची स्वच्छता करावी, असे डॉक्टर सांगतात. ते योग्यच आहे. पण जिथे नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येते, तिथे हा सल्ला पाळणाऱ्या सुनेची काय तारांबळ उडत असेल, याचा विचार कागदावर सल्ला लिहिताना होतो का?

यापेक्षाही अवघड आहे ते मनाचे दुखणे. कानबाईच्या रोटांना सारे भाऊबंद जमतात. आबा मात्र मागच्या खोलीत. वास येईल का, पिशवी कुणाला दिसेल का, ही धास्ती. लग्नाचे आमंत्रण आले की तब्येतीचे निमित्त. धोतर नेसणाऱ्याची पिशवी एक वेळ झाकली जाते. पँट घालून दुकानावर बसणाऱ्या, पंचविशीतच मणका गमावलेल्या तरुणाने काय करावे? पायाला बांधायची लहान पिशवी मिळते, हे अनेकांना कुणी सांगितलेलेही नसते. पती-पत्नीच्या संबंधांविषयी तर रुग्ण विचारत नाही आणि डॉक्टर बोलत नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत झाला, ही चांगलीच गोष्ट; पण वाटेतल्या स्थानकावर पिशवी रिकामी करण्याजोगी स्वच्छ जागा नसेल, तर त्या सवलतीचा या माणसाला उपयोग काय?

आणि सेवा करते कोण? बहुतेक घरांत बायको, नाही तर सून. सासऱ्याच्या नळीला सुनेने हात लावायचा, ही दोघांनाही अवघडवणारी गोष्ट. तरी ती लावते. तिला कुणी शिकवलेले नसते, कुणी शाबासकी देत नाही, आणि जिजीच्या पाठीचा मणका कुणी तपासत नाही.

अज्ञानाने या अवघडपणात भर पडते. कधीकधी पिशवी जांभळी पडते. घरात घबराट उडते, कुणी बाहेरची बाधा म्हणतो. वास्तविक काही जंतूंमुळे लघवीत निळे-तांबडे रंग तयार होतात, त्याचा तो परिणाम. बद्धकोष्ठ असणाऱ्या वृद्धांत तो जास्त दिसतो. महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. केवळ तेवढ्यावरून प्रतिजैविकांचा मारा केला, तर जंतू अधिक निर्ढावतात. पण थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, माणूस बरळू लागला किंवा लघवी थांबली, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्याचे डोके नळी तुंबल्यावर एकाएकी ठणकू लागले, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगावी. नळी मांडीला पट्टीने बांधावी. फुगा रिकामा न करता नळी ओढणे म्हणजे इजा ओढवून घेणे. साधी रबरी नळी काही आठवड्यांनी बदलावी लागते. सिलिकॉनची महाग, पण फार तर बारा आठवडे चालते.

आणि नळी हाच एकमेव मार्ग असतो का, हेही विचारायला हवे. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दिवसातून काही वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली. ज्यांचे हात चालतात, अशा कित्येकांना ती कायमच्या नळीपेक्षा बरी पडते. प्रोस्टेटच्या काही रुग्णांची नळी औषधे देऊन काढताही येते. 'हंगाम झाला की ऑपरेशन करू' म्हणता म्हणता दोन हंगाम उलटलेल्या बापूंनी हा प्रश्न डॉक्टरांना पुन्हा विचारलाच पाहिजे.

आता व्यवस्थेकडे वळू. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने गरिबाला शस्त्रक्रियेचे दार उघडून दिले. पण या योजनेची सारी मांडणी रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी परतलेल्या माणसाची दर महिन्याची नळी, पिशवी, हातमोजे आणि पिंपळनेरहून धुळ्याला किंवा पालहून जळगावला येण्याचा खर्च कोणत्या खात्यात मांडायचा?

हे अशक्य आहे का? मुळीच नाही. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. तिथे पंचायतीच्या साह्याने परिचारिका घरी जाते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. आपल्याकडे आशाताई नवजात बाळासाठी ठरलेल्या दिवशी घरी जाते. म्हणजे घरी जाऊन सेवा देणे आपल्या यंत्रणेला परके नाही; ते पाळण्यापाशी सुरू होते, पण बाजेपर्यंत पोचत नाही. उपकेंद्रांना आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथल्या सेवांच्या यादीत वृद्धांची व परिहार सेवा समाविष्ट आहे. मग प्रत्येक उपकेंद्रात नळ्या-पिशव्यांचा साठा, ती बदलण्याचे प्रशिक्षण घेतलेला एक माणूस आणि गावातील अशा रुग्णांची नोंदवही, एवढे तरी मागायला काय हरकत आहे? घरी सोडताना सुनेच्या, मुलाच्या हातून एकदा पिशवी बदलवून घ्यावी, याला तर पैसाही लागत नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी, शेजारी असे आबा असतील. येत्या कानबाईला त्यांची खुर्ची पुढच्या खोलीत, देवीसमोर मांडा. पिशवीवर एक कापडी खोळ शिवली, की काम भागते. त्यांना भरपूर पाणी द्या आणि हाक मारायला लाजू नका, असे सांगा. आणि गावात ग्रामसभा भरली की उपकेंद्रात नळी बदलून मिळते का, हा प्रश्न उभे राहून विचारा. रस्ता आणि गटार यांवर आपण तावातावाने बोलतो. रात्री दोन वाजता अडलेल्या माणसाचा प्रश्न त्याहून लहान खासच नाही.